कुरणावरची शाळा : ताराबाई मोडक

पर्यावरण हा विषय आता आपल्या शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसा निर्देश दिला. मग अभ्यासक्रम झाले, पाठ्यपुस्तके निघाली आणि प्रश्नपत्रिकाही निघू लागल्या. गेली काही वर्षे मी हा विषय शिकवीत आहे. जंगलतोड, मातीची धूप, पाणलोट क्षेत्र, अन्नसाखळी असे शब्द फळ्यावर लिहायचे, आकृत्या काढायच्या, मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत पुन्हा काढून दाखवायच्या, असा त्याचा एकंदर क्रम असतो. वर्गाच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या झाडाचे नाव विचारले तर ते सांगणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. जो सांगतो तो बहुधा खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या वाडीतून आलेला असतो. आणि बऱ्याचदा गुणपत्रिकेत तोच सर्वांच्या मागे असतो.

ज्याला झाड ठाऊक आहे तो झाडाच्या विषयात मागे कसा पडतो? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शाळा म्हणजे काय, ती कुणासाठी असते, तिने मुलाला त्याच्या मातीजवळ न्यायचे की मातीपासून दूर, हे सगळे त्यात येते. या प्रश्नाचा शोध घेताना मी ज्या एका चरित्राकडे पुन्हा पुन्हा वळत आलो, ते ताराबाई मोडक यांचे. बालशिक्षणाच्या अभ्यासकांना हे नाव नवे नाही. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते बहुधा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातील एका ओळीपुरतेच माहीत असते. त्या ओळीपलीकडच्या ताराबाईंची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थनासमाजी, म्हणजे त्या काळाच्या मानाने सुधारकी वळणाचे. मुलींनी शिकावे, विचार करावा, हे त्या घरात वेगळे सांगावे लागत नव्हते. त्यांच्या बालपणाचा काळ इंदूरला गेला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहण्याची सवय लहानपणीच लागते, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. पुढे ताराबाईंनी आपल्या आयुष्यातील फार महत्त्वाचे काम गुजरातेत, गुजराती माणसांच्या खांद्याला खांदा लावून केले. परकी भाषा त्यांना कधी भिंतीसारखी वाटली नाही. या गुणाचे मूळ इंदूरच्या त्या दिवसांत असावे, असे मला वाटते.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्री पदवीधर बोटांवर मोजाव्यात असा तो काळ. त्यानंतर अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या मुलीला घेऊन ताराबाईंनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निर्णय घेतला. आज आपण हे वाक्य सहज वाचून पुढे जातो. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी मध्यमवर्गात नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी मूल असलेली तिशीतली बाई म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. रत्नाकर मतकरींना त्यांच्या जीवनावर ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहावेसे वाटले, यात नवल नाही. विशेष हे की, या बाईंनी स्वतःच्या दुःखाला फारसे गोंजारले नाही. राजकोटला स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले आणि त्या कामाला लागल्या.

पद मानाचे होते, पगार चांगला होता. शिक्षिका कशा तयार कराव्यात हे शिकवता शिकवता, लहान मूल मुळात शिकते कसे, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याच सुमारास शेजारच्या भावनगरात एक वेगळीच शाळा चालू होती. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ १९१६ पासून काम करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीचे विचार त्यांच्या वाचनात आले आणि त्यांची वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. मुलांना मारायचे नाही, भीती दाखवायची नाही, बक्षिसाची लालूच दाखवायची नाही. गोष्टी सांगायच्या, नाटके करायची, बागेत काम करायचे, नदीवर आणि टेकडीवर न्यायचे. गुजरातने प्रेमाने त्यांना मिशाळ आई म्हटले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक असाच मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडतो आणि वरिष्ठांच्या रागालोभाची पर्वा करीत नाही.

१९२३ साली ताराबाई राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाईंच्या कामात दाखल झाल्या. त्यांच्या आयुष्यातले हे पहिले मोठे वळण. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे मुखपत्र म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली आणि तिच्या संपादनाचा भार ताराबाईंनी अनेक वर्षे वाहिला. पालकांनी मुलांशी कसे वागावे, हट्ट म्हणजे काय, शिस्त कशातून येते, यावर त्यांनी विपुल लिहिले. त्यांच्या लेखनात उपदेशकाचा आव नसतो. मुलाची बाजू घेऊन मोठ्यांशी भांडणाऱ्या वकिलाचे ते लेखन आहे.

येथे माँटेसरी पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण ताराबाईंचे पुढचे सगळे काम तिच्यातून निघाले आणि तिच्याशी झगडूनच वाढले. डॉ. माँटेसरींनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेल्यानंतर जिन्यांत आणि बोळांत उंडारणारी मुले हे त्यांचे पहिले विद्यार्थी. मूल हाताने शिकते, इंद्रियांनी शिकते, आणि योग्य वस्तू त्याच्या हाती दिली तर ते स्वतःच स्वतःला शिकवते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगपट्ट्या, घंटा अशी साधने त्यांनी मोठ्या काटेकोरपणे तयार केली. गंमत अशी झाली की, गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत जगभर पसरताना श्रीमंतांची होऊन बसली. साधने महाग, मिळण्यास अवघड. आणि साधने नसतील तर पद्धतच नाही, अशी समजूत झाली. आजही शहरातल्या पाटीवर माँटेसरी हा शब्द दिसला की आपण आधी शुल्क किती असेल याचा अंदाज बांधतो.

ताराबाई पुढे मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शिशुविहार भरभराटीला आले. तेथे शिक्षिका तयार होऊ लागल्या. सुशिक्षित मराठी घरांत बालशिक्षणाचा विचार रुजला, त्यात शिशुविहाराचा वाटा मोठा आहे. दुसरी कोणी व्यक्ती असती तर येथेच कृतार्थ झाली असती. परंतु ताराबाईंना एक टोचणी लागून राहिली होती. आपण शिकवतो ती मुले कोणाची? ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, दूध आहे, ऊन लागू नये म्हणून टोपी आहे, त्यांची. या देशातली बहुसंख्य मुले खेड्यांत आहेत. त्यांच्यापर्यंत हे काही पोहोचत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला नयी तालीमची कल्पना मांडली होती. पुढे सात वर्षांच्या आतील मुलांचाही विचार त्या कार्यक्रमात होऊ लागला. खेड्यातल्या लहान मुलाचे शिक्षण कमी खर्चात आणि त्याच्याच परिसराच्या आधाराने कसे करता येईल, हा प्रश्न ताराबाईंनी आपला मानला. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला घोलवडच्या चिकूच्या वाड्या, आणि त्यापलीकडे वारल्यांचे जंगल. येथे ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या शाळेत स्थिर नोकरी असलेल्या शिक्षिका. नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि मग पुढची सत्तेचाळीस वर्षे, शेवटच्या श्वासापर्यंत, त्यांनी त्या भागातच काढली. गुरू आणि शिष्या यांच्या अशा जोड्या आपल्या शिक्षणाच्या इतिहासात थोड्याच आहेत.

बोर्डीला बालवाडी उघडली खरी, पण तिच्यात सर्व मुले आली नाहीत. तथाकथित अस्पृश्यांच्या वाड्यातली मुले येईनात. त्यांना कोणी अडवले नाही, असे गाव म्हणू शकले असते. परंतु शतकानुशतके अडवलेल्या पावलांना नुसते दार उघडून चालत नाही. शिवाय गरिबाघरचे चार वर्षांचे मूलही रिकामे नसते. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसण्याचे काम त्याच्याकडे असते. अशा वेळी शाळा काय करते? हजेरीपटावर गैरहजेरी मांडते आणि पालकांच्या अज्ञानाला दोष देते. ताराबाईंनी उलटे केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. त्या वाड्यात गेल्या. कोणाचे तरी अंगण झाडून घेतले, मुलांना आंघोळ घातली, नखे कापली, केस विंचरले आणि गाणी, गोष्टी, खेळ सुरू केले. वेळ मुलांच्या सोयीची, जागा मुलांच्या घराजवळची. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून ती अंगणवाडी. आज देशाच्या कानाकोपऱ्यात उच्चारला जाणारा हा शब्द या धुळीतून वर आला आहे.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. लहानमोठे आकार ओळखायला लाकडी ठोकळेच कशाला हवेत? समुद्रकाठी शंखशिंपले पडलेले आहेत, ओढ्यात गोटे आहेत. रंगांच्या छटा पाहायला पाने आहेत, फुले आहेत. आंब्याच्या एकाच डहाळीवर तांबूस पालवीपासून गडद हिरव्या पानापर्यंत सगळ्या छटा मिळतात. मोजायला चिंचोके आणि गुंजा, आवाज ओळखायला करवंटीत घातलेले बी, स्पर्शासाठी वाळू, माती, कापूस, झाडाची साल. माँटेसरींचे तत्त्व ताराबाईंनी सोडले नाही. त्याचे परदेशी लाकूड तेवढे सोडले. मला हा बदल केवळ काटकसरीचा वाटत नाही. विकतचा ठोकळा मुलाला आकार शिकवतो आणि तेथेच थांबतो. शिंपला आकार शिकवतो आणि शिवाय समुद्राकडे बोट दाखवतो. हा कोठून आला, यात कोण राहत होते, तो पावसाळ्यात का दिसत नाही, असे प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. साधन जेव्हा परिसरातून येते तेव्हा परिसर हाच पाठ होतो.

१९५७ साली, पासष्टाव्या वर्षी, ताराबाईंनी आपले काम बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर हलवले. आता त्या वारली मुलांच्या थेट मध्यात आल्या होत्या. हा मुलूख वेठबिगारीने पिळून निघालेला. १९४५ सालीच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली येथल्या वारल्यांनी वेठीविरुद्ध मोठा लढा दिला होता. माणसाला मान वर करायला शिकवणारा तो लढा होता. पण मान वर केलेल्या माणसाच्या मुलासाठी शाळा कशी असावी, हा प्रश्न शिल्लकच होता. कोसबाडला ताराबाई आणि अनुताईंनी विकासवाडी उभी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. त्यामागचा हिशेब अगदी व्यवहारी होता. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिला तान्ह्या भावाला सांभाळायचे असते. तर भावालाही घेऊन येऊ दे. तो पाळणाघरात राहील, मधला बालवाडीत बसेल, ती वर्गात शिकेल. एका मुलीच्या शिक्षणासाठी तीन मुलांची सोय करावी लागते, हे ज्यांना समजले त्यांनाच खेड्यातली शाळा समजली.

तरीही काही मुले उरलीच. ती गुरांमागे जात. सकाळी गुरे सोडायची आणि दिवस मावळताना परत आणायची, हा त्यांचा दिवस. त्यांच्या घंटेत आणि शाळेच्या घंटेत मेळ बसणे शक्य नव्हते. मग शिक्षिका गुरांमागे गेल्या. जेथे गुरे चरतात तेथेच, झाडाच्या सावलीत, शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. भारतातल्या शिक्षणाच्या इतिहासात याहून साधे आणि याहून धाडसी पाऊल मला दिसत नाही. भिंत नाही, फळा नाही, घंटा नाही. जमीन हीच पाटी आणि काडी हीच लेखणी. गुरे मोजता मोजता अंक येतात. पाने जमवता जमवता त्यांचे आकार, कडा, शिरा कळतात. पाऊस कोठून येतो, ओहोळ कोठे जातो हे डोळ्यांसमोर असते.

मी या कुरणशाळेला पर्यावरण-शिक्षण म्हणतो. ताराबाईंनी हा शब्द वापरला नव्हता. तो तेव्हा रूढच नव्हता. पर्यावरणाच्या प्रश्नावर जगाची पहिली मोठी परिषद स्टॉकहोमला भरली ती १९७२ साली, आणि पर्यावरण-शिक्षणावरची पहिली आंतरराष्ट्रीय शासकीय परिषद तिबिलिसीला भरली ती १९७७ साली. तोपर्यंत कोसबाडच्या टेकडीवरचे काम वीस वर्षांचे झाले होते. अर्थात केवळ आधी झाले म्हणून त्याचे महत्त्व नाही. महत्त्व दृष्टीचे आहे. आपल्या सध्याच्या पर्यावरण-शिक्षणात एक गृहीत दडलेले असते: निसर्गाविषयी शाळेला ठाऊक असते आणि मुलाला ठाऊक नसते. शहरातल्या मुलाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु वारल्याच्या दहा वर्षांच्या मुलाला मोह कधी फुलतो, कोणता कंद खाण्याजोगा आणि कोणता नाही, पळसाच्या पानाची पत्रावळ कशी लावायची, हे शाळेत येण्यापूर्वीच माहीत असते. त्याच्या घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चित्रांत झाडे, पाखरे, गुरे आणि माणसे एकाच मापाने नांदत असतात. असे मूल वर्गात बसले की पहिल्याच दिवशी त्याला कळते की, आपल्याला जे येते त्याची येथे किंमत नाही आणि ज्याची किंमत आहे ते आपल्याला येत नाही. त्या क्षणापासून ते मूल मुके होते. मग आपण त्याला गळती म्हणतो.

कुरणावर हे नाते फिरते. तेथे मूल यजमान असते आणि शिक्षिका पाहुणी. झाडाचे नाव मूल सांगते. ते नाव लिहायचे कसे ते शिक्षिका सांगते. दोघांकडेही देण्यासारखे काहीतरी आहे, आणि देणाराच मोकळेपणाने घेऊ शकतो. परिसरातून शिकणे याचा अर्थ मला येथे उलगडतो. नुसते वर्गाबाहेर बसणे म्हणजे परिसर-शिक्षण नव्हे. मुलाला जे आधीच माहीत आहे त्याला ज्ञान म्हणून मान्यता देणे आणि तेथून पुढे चालणे, हे खरे परिसर-शिक्षण होय.

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतलाच पाहिजे. मूल गुरे राखते म्हणून शाळा गुरांमागे नेली, तर त्याच्या राबण्यालाच आपण मान्यता दिली असे होत नाही काय? श्रीमंताच्या मुलाला इमारत आणि गरिबाच्या मुलाला झाडाची सावली, ही विषमताच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला रीतसर शाळेचा हक्क दिला आहे आणि गुरांपायी मूल शाळेबाहेर राहणे आज कोणीही समर्थनीय मानणार नाही. पण ताराबाईंच्या समोर १९५७ साली जो पर्याय होता तो इमारत की कुरण असा नव्हता. कुरण की काहीच नाही, असा होता. शिवाय त्यांनी कुरणशाळा काढली तेव्हा विकासवाडी बंद केली नव्हती. पाळणाघर काढून त्यांनी मुलीच्या डोक्यावरचे एक ओझे उतरवलेच होते. ज्या कामातून मुलाला सोडवता येते त्यातून सोडवायचे आणि ज्यातून आज सोडवता येत नाही तेथे त्याच्या सोबत जाऊन बसायचे, असे त्यांचे धोरण दिसते. कुरणशाळेतले गुराखीपण इतिहासजमा व्हावे, हेच इष्ट. पण त्याबरोबर कुरणही इतिहासजमा झाले, मुलाचे ज्ञानही मोडीत निघाले, तर आपण सुटका केली की लूट, याचा विचार करावा लागेल.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आता ही केंद्रे लाखांच्या संख्येत आहेत. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी ही त्यांची कामे मोलाचीच आहेत आणि तुटपुंज्या मानधनावर ती करणाऱ्या सेविकांविषयी मला आदर आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी नाव अंगणवाडी राहिले आणि अंगण गेले. एका खोलीत भिंतीवरचे छापील फळझाडांचे तक्ते मुले पाहतात. त्या भिंतीपलीकडे खरे फळझाड उभे असते. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबाडचे काम पुढे नेले आणि ते आजही त्या टेकडीशी जोडलेले आहे. पण एका टेकडीवर जे साधले ते देशभर का पसरले नाही, याचे उत्तर कोसबाडला नाही, आपल्याकडे शोधले पाहिजे.

माझ्या मते एक उत्तर शिक्षकाच्या तयारीत आहे. ताराबाईंनी आयुष्यात सर्वांत जास्त कष्ट कशावर घेतले असतील तर ते शिक्षिका घडवण्यावर. राजकोट, भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड, प्रत्येक ठिकाणी मुलांच्या वर्गाशेजारी शिक्षिकांचाही वर्ग होता. कारण उघड्यावरची शाळा चार भिंतींतल्या शाळेपेक्षा कितीतरी अवघड असते. वर्गात पुस्तक शिक्षकाला सांभाळून घेते. कुरणावर मूल पुढचा प्रश्न काय विचारील, याचा नेम नसतो. तेथे शिक्षकाचे डोळे उघडे लागतात, आणि ठाऊक नाही, चल शोधू, असे मुलाला म्हणण्याचे धैर्य लागते. हे धैर्य सहलीच्या परिपत्रकातून येत नाही.

आपल्या या अंकाचे वाचक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतले आहेत. कन्नड विभागाच्या वाचकांना शिवराम कारंतांनी पुत्तूरच्या बालवनात मुलांसाठी केलेल्या प्रयोगांची आठवण येथे होईल. निसर्गाच्या हाताला धरून मूल वाढावे, ही ओढ कोण्या एका भाषेची नाही. इंदूरला वाढलेली मराठी बाई गुजरातीत काम करते, इटालियन विदुषीचे विचार घेते आणि वारली मुलाच्या अंगणात बसते. अशा चरित्रापुढे आपले भाषेचे तंटे जरा लहान वाटू लागतात. मुलाने आपल्या भाषेत झाडाचे नाव सांगावे आणि शिक्षकाने ते मानाने लिहून घ्यावे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ झाले.

आपल्या परिसरात शिकण्यासारखे काही कमी नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती कोठे थेंब असते आणि कोठे नदी होते, हे चालत जाऊन पाहता येते. मार्कंडेयच्या काठची भातशेते आहेत, खानापूरची जंगले आहेत, त्या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या जनावरे राखणारी गवळी-धनगरांची कुटुंबे आहेत. तुमच्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. कोणी अशाच एखाद्या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत जाईल आणि पटावर नाव असलेले पण वर्गात न दिसणारे मूल त्याच्याही वाट्याला येईल. त्या वेळी गैरहजेरी मांडण्यापूर्वी, ते मूल या क्षणी कोठे आहे आणि तेथे त्याला काय काय येते, हे एकदा जाऊन पाहावे. ताराबाईंनी आयुष्यभर केले ते मूलतः एवढेच. आणि ते करायला सरकारी मंजुरी लागत नाही.